एक घंटी

कंडक्टरांचा आवाज एकदम गेला नाही. पार्किन्सनने आधी त्यांचा हात हलवला, मग चेहरा थांबवला आणि शेवटी आवाजाला हात घातला. आता दिवसा ते काय पुटपुटतात ते फक्त बायकोला कळतं. बाकीचे अंदाज बांधतात. पाणी मागितलं की सून पंखा लावते. जेवताना ते चमच्याने पेला वाजवतात. बसमधला जुनाच हिशेब: एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चालू द्या.

रात्री मात्र झोपेत हाच माणूस भरल्या बसमध्ये उभा असतो. "पुढे सरका! ओ दादा, मुळं फुटली का पायांना? पुढे सरका!" बायको सरकते. पलंगाला पुढे फारशी जागा नसल्यामुळे ती दोनदा चालत्या गाडीतून खाली उतरली आहे. परवा एका फुकट्या प्रवाशाला उतरवताना कंडक्टरांचं कोपर तिच्या खांद्यावर बसलं.

"काळंनिळं कशानं झालं?" सकाळी ते पुटपुटले.

"कपाटाचं दार लागलं."

"सरकतं दार आहे आपलं."

सून म्हणाली, "आई, वेगळ्या खोलीत झोपा ना!"

"आत्ता कुठे हे माझ्याशी मोठ्याने बोलायला लागलेत."

"अहो, तिकीट मागतात ते तुमच्याकडे!"

"मागू देत."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं? तसं असेल तर गोळी आहे. शांत झोपतील."

'शांत' या शब्दाशी बायको अडखळली. "नाही हो. गाढ झोपतात."

कंडक्टर काहीतरी पुटपुटले. डॉक्टरबाई पुढे वाकल्या. "काय म्हणतात?"

ते म्हणाले होते, मी हिला मारतो, गोळी द्या.

"झोप छान लागते म्हणतात," बायकोने सांगितलं.

कंडक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ते रागावलेत की नाही, हे चेहऱ्यावरून कळायची सोय उरलेली नव्हती. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. टकटकटकटक.

"कंप वाढलाय," डॉक्टरबाई लिहू लागल्या.

मग कंडक्टरांनी डाव्या हाताने उजवं मनगट आवळलं. दोन्ही हात मिळून थरथरले, कसेबसे उचलले गेले आणि खाली आले.

टक्.

एकदाच.

"थांबा," बायको म्हणाली. कुणाला, ते डॉक्टरबाईंना कळलं नाही. तिने खांद्यावरची शाल बाजूला केली. "हे म्हणतात, मी हिला मारतो, गोळी द्या. झोपेत मारतात. ओरडतातही."

"अहो, मग आधी सांगायचं नाही का!"

"गोळीने ओरडणं थांबेल?"

"बहुतेक थांबेल. काळजी करू नका," डॉक्टरबाई दिलासा देत म्हणाल्या.

बायकोने दिलासा घेतला, चिठ्ठीबरोबर घडी करून पर्समध्ये ठेवला. दारापाशी कंडक्टर काहीतरी पुटपुटले.

"काय?" तिने विचारलं. ऐकू आलं होतं. तरी विचारलं. "जरा मोठ्याने बोला."