उषाबाईचा अबोला

उषाबाई पोरांवर हात उचलत नव्हती. तिच्याकडे अबोला होता. पोर चुकलं की ती बोलणंच बंद करायची. ताट वाढायची, कपडे धुवायची, पण तोंडातून शब्द नाही.

जयश्रीला ते बरोबर लागू पडलं. नववीत असताना ती खोटं सांगून मैत्रिणींबरोबर डुमसला, समुद्रावर गेली. उषाबाईनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पोरगी पायाशी बसून रडत होती, "आई, मार मला, पण बोल ना." तेव्हापासून ती सुतासारखी सरळ. उषाबाई सुरतेतल्या पर्वत पाटियाहून घरी धागे कापायला साड्या आणायची, तर तिथल्या बायकांनाही हेच ऐकवायची.

मग गोपाल. आठवीत त्यानं ट्यूशन बुडवली आणि मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात जाऊन बसला. अबोला सुरू. आठवडा गेला. पोरगं जेवलं, निजलं, शाळेत गेलं. रडलं नाही.

शेजारची रंजना म्हणाली, "उषाबाई, हा पोऱ्या जयश्री नाही. चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, विसरल्या का? तुम्ही त्याला शिक्षा देता की सुट्टी?"

"दोघं माझ्याच पोटचे. तिला एक न् त्याला एक, असं मी करत नाही."

"मग बसा."

ती बसली. तोही बसला. मधे जयश्री. "ताई, तिले सांग, शर्ट फाटला." "जयू, त्याले सांग, ठेव तिथं, शिवते." बाप निंबा कापडाच्या लूमवर, त्या खडखडाटात काम करून अर्धा बहिरा. घरात काही बंद पडलंय हे कळायलाच त्याला दिवाळी उजाडली. कळल्यावर ओरडला, "कोन कोनाशी बोलत नही?" आणि जेवायला बसला.

उषाबाईनं तोवर अबोला कधीच सोडला होता. "गोपाल, चहा घे." तो घ्यायचा. उत्तर मात्र जयश्रीला.

बरं, मुका म्हणावं तर तसंही नाही. मोठा झाल्यावर त्याच दुकानात कामाला लागला. एकदा ती भाजी घेऊन तिकडून चालली होती. गोपाल कुणा गुजराती बाईला हसून म्हणत होता, "आवो ने बेन, बेसो." ती ऐकत उभी राहिली. त्यानं पाहिलं, मान खाली घातली आणि स्क्रू काढायला लागला.

यंदा जयश्रीचं लग्न झालं. सासर चलथाणचं. मांडवात उषाबाई रडली, पण आत कुठंतरी बरंही वाटत होतं. आता निरोप न्यायला घरात कोणी नाही. आता त्याला बोलावंच लागेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी निंबा कामावर, घरात दोघंच. तिनं विचारलं, "गोपाल, वरण वाढू?"

त्यानं मोबाइल काढला, स्पीकर लावला. "ताई, तिले सांग, वरण नको."

तिकडं भांड्यांचा, बायकांचा आवाज. जयश्री दबक्या आवाजात म्हणाली, "गोप्या, येडा झाला का? समोर आहे ना ती? बोल."

"तू सांग."

उषाबाईला राहवलं नाही. "मनं चुकनं, पोरा, माझंच चुकलं. तू लहान होता. मी तुला जवळ घ्यायला पाहिजे होतं. एकदा आई म्हण."

गोपालनं घास मोडला. मग फोनला म्हणाला, "ताई, तिले सांग, तेव्हा मले वाटायचं मी तिले नकोच आहे. आता सवय झाली."

"ऐकलं का आई? की परत सांगू?" जयश्रीचा आवाज फाटला. "आणि मी सुधारले असं सांगत फिरते ना तू? काल गाडीत नवरा जरा गप्प बसला, तर मी काही केलेलं नसताना त्याची माफी मागून मोकळी झाले. मला आता फोन करू नका. तुमचं तुम्ही बघा."

फोन कटला.

गोपालनं ताट धुऊन ठेवलं, चप्पल घातली.

"संध्याकाळी जेवायला येशील ना?" उषाबाईनं विचारलं.

तो जिन्यात थांबला. खिशातून मोबाइल काढून जयश्रीचा नंबर लावला. फोन बंद होता. परत लावला. मग मोबाइल खिशात टाकला आणि खाली उतरला.