सासूबाईंचा गिझर आणि ठोकळ्याची खुर्ची

गिझरच्या कंपनीत तक्रारींचा फोन उचलणाऱ्याला सगळे ठोकळा म्हणत. नोकरीला लागल्यापासून तो गिऱ्हाइकांना तीनच वाक्यं ऐकवत आला होता: तक्रार नोंदवली आहे, माणूस येईल, धीर धरा. चौथ्या वाक्याला बंदी होती. बंदी मालकाचीच, आणि आता हाच दीडशहाणा बोलणारं यंत्र घेऊन आला.

"हे माणसासारखा विचार करतं," मालक म्हणाला.

"माणसं करतात का, ते आधी बघा," ठोकळा पुटपुटला.

परीक्षेला मालकाने आपल्या सासूबाईंना बसवलं. त्यांचा गिझर तसाही बंदच होता. त्या केबिनमधून दोन फोन लावणार. एकावर यंत्र, दुसऱ्यावर ठोकळा. माणूस ओळखला तर खुर्ची ठोकळ्याची, नाहीतर ठोकळा घरी.

"अरेरे, गार पाण्याने अंघोळ? गुडघे कसे आहेत तुमचे?" यंत्र म्हणालं. सासूबाई विरघळल्या. गुडघ्यांवरून गाडी जावयावर घसरली. यंत्र प्रत्येक वाक्याला "अगदी बरोबर" म्हणत होतं. शेजारी उभा जावईही तेच म्हणत होता.

मग ठोकळ्याचा फोन वाजला.

"तक्रार नोंदवली आहे." जित्याची खोड.

"गुडघ्यांचं विचार की रे."

"माणूस येईल."

"हे यंत्र," सासूबाईंनी निकाल दिला. "आधीचा सोन्यासारखा मुलगा."

फोन चालूच होता. ठोकळ्याचं डोकं सटकलं. "आजी, गिझरचं बटण दाबलं होतंत का? दर वेळी तुमचं बटण बंद. आमचा माणूस जिने चढून येतो, बटण दाबतो, आणि तुम्ही त्याला साधं पाणी विचारत नाही."

मालकाने डोळे मिटले.

"बिघडलं वाटतं यंत्र," म्हणत सासूबाई सावरून बसल्या. "मला बटणाची भीती वाटते, मेल्या. आणि तुझा माणूस चिखलाचे बूट घालून आत येतो, त्याचं काय?"

"बूट काढणार कुठे? दारात तुमच्या कुंड्या."

"कुंड्यांचं नाव काढू नकोस."

जेवणाची सुट्टी संपली तरी भांडण संपेना. शेवटी मालकाने भीत भीत विचारलं, "आई, मग माणूस कुठला?"

"माणूस घेऊन काय करू? तो पहिला सगळ्याला हो म्हणतो. तसला एक घरात आहेच. हे बिघडलेलं यंत्र ठेव. दुरुस्त केलंस तर याद राख."

ठोकळा खुर्चीत राहिला. दुसरं यंत्र मालकाच्या केबिनमध्ये गेलं. दोघं दिवसभर एकमेकांना "अगदी बरोबर" म्हणत बसतात.