जोआनाला आत्याकडे पाठवायचं ठरलं

ऑक्टोबरात वसईजवळच्या गिरीजच्या एका वाडीत रोज एकेका घरी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. उद्याची पाळी सालोमीकडे होती आणि तिच्या अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं. माणिकपूरचं ऑफिस करून यावं, तर पायरीवरच घरातला आरडाओरडा ऐकू यायचा. आजही तेच. आठ वर्षांच्या जोआनाने रोजरीसाठी आणलेल्या मेणबत्त्या मोडल्या होत्या. नवरा प्लासिड लेकीवर खेकसत होता आणि सासू फेलिशिया नातीच्या हातात चॉकलेट कोंबत होती.

"उद्या हिला आत्याकडे सोडतो," प्लासिड म्हणाला. "लोकांसमोर शोभा नको."

खोटं कशाला बोला, सालोमीला क्षणभर बरंच वाटलं.

जोआनाला एडीएचडी, म्हणजे अतिचंचलतेचा आणि लक्ष न टिकण्याचा आजार आहे, हे डॉक्टरांनी सांगून वर्ष झालं होतं. पण घरात एकाचं दुसऱ्याला पटेल तर शपथ! बाप फटका द्यायचा, आजी लाड करायची आणि सालोमी मोबाईल देऊन सुटका करून घ्यायची.

शेजारच्या निवृत्त लिडिया टीचर रोजरीसाठी चटया घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

"प्लासिड, चंचलपणा तिचा आजार आहे. पण ही फेकाफेक, हा हट्ट? एक नाही म्हणतो, दुसरा हो म्हणतो. तिने ऐकायचं कुणाचं?"

"म्हणजे आमच्यामुळे झालं हे?" फेलिशिया फणकारली.

"आजार तुमच्यामुळे नाही हो. पण रोजच्या या तमाशाने पोर आणखी बिघडतेय."

तेवढ्यात जोआना आपली बॅग घेऊन बाहेर आली. "मी आत्याकडे गेले की तुम्ही भांडणार नाही ना?"

सालोमीला स्वतःची लाज वाटली. तिने बॅग काढून घेतली.

"हिला कुठेही पाठवायचं नाही!"

मग टीचरांनी उपाय सांगितला. रोजरीची पाच रहस्यं, म्हणजे प्रार्थनेचे पाच टप्पे. प्रत्येक संपलं की जोआनाला उठून करायचं एक काम द्यायचं. ओरडायचं नाही, चॉकलेट नाही, मोबाईल नाही. तिघांनी एकच सांगायचं.

दुसऱ्या संध्याकाळी पहिलं रहस्य संपल्यावर जोआनाने उठून सगळ्यांना पाणी दिलं, पण दुसऱ्याच रहस्याला तिची चुळबुळ सुरू झाली. प्लासिडने डोळे वटारले, पण गप्प राहिला. फेलिशियाने चॉकलेटसाठी खिशात घातलेला हात रिकामाच बाहेर काढला. चौथ्याला पोरगी अंगणात पळाली, दोन मिनिटांनी आपणहून परत आली आणि आईला टेकून बसली. सालोमी थकलेलीच होती. तरी कित्येक दिवसांनी तिची प्रार्थना शेवटपर्यंत पूर्ण झाली.

वाचकहो, अशा लेकराला डॉक्टरांचे उपचार हवेतच, पण घरातल्या मोठ्यांचं एकमतही हवं. पोर घरातच राहू द्या, भांडण तेवढं घराबाहेर घालवा.