फळीखालची किल्ली

शाळेच्या सहलीत इराला ते जुनं घर बघायला मिळालं नव्हतं. वर्ग गेला त्याच आठवड्यात तिला कांजिण्या झाल्या होत्या. तेव्हापासून दर शनिवारी ती बापाच्या मागे लागायची आणि दर शनिवारी रुपेश तिला पोहायला नाहीतर तळ्यावर घेऊन जायचा. २०१६ च्या नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी मात्र तो आपणहून म्हणाला, "चल, आज तुझं ते घर बघू."

इरा हरखली. ते घर स्टेशनच्या अगदी समोर आहे म्हणून बापाने निवडलंय, हे त्या सहा वर्षांच्या पोरीला कुठून कळणार?

रुपेशच्या पाठीवरच्या सॅकमध्ये दोन पासपोर्ट होते. दुपारी एक दहाच्या गाडीने न्यूरेंबर्ग, तिथून फ्रँकफुर्टचा विमानतळ आणि पुढे मुंबई, अशी दोघांची तिकिटं होती. इराचे नवे कपडे होते, लेबलंही न काढलेले. आणि एक संमतीपत्र होतं. मुलीला वडिलांबरोबर भारतात न्यायला माझी हरकत नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली स्वरालीची सही होती. ती रुपेशने आठवडाभर गिरवून गिरवून स्वतःच केली होती.

स्वरालीशी घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं होतं. कोर्टाने इराला आईकडे ठेवलं आणि बापाला शनिवार दिला, अकरा ते सहा. तेवढ्यावर तो तग धरून होता. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख या गावी तो एका ठेकेदारामार्फत बेअरिंगच्या चाचण्यांचं काम करायचा. सप्टेंबरात त्या ठेकेदाराने करार संपवला. दुसरी नोकरी काही मिळेना, आणि व्हिसाची मुदत डिसेंबरअखेर संपत होती. म्हणजे पुण्याला परत. म्हणजे इरा फक्त फोनवर. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची ती जर्मनच, आणि फोनवर तर दोन मिनिटांत कंटाळून उठून जायची. वर्षभरात आपण तिला लांबचे कुणी काका होऊन बसू, हा विचार एकदा त्याच्या डोक्यात शिरला तो निघेना. इराच्या पासपोर्टाच्या नूतनीकरणाचं त्यानेच बघितलं होतं. नवा पासपोर्ट त्याच्या पत्त्यावर आला आणि तो स्वरालीला "अजून आला नाही गं," असं सांगत राहिला.

गाडीला तास होता. स्टेशनवर तेवढा वेळ काढला असता तर कुणीतरी ओळखीचं भेटलंच असतं.

जुन्या घराच्या दाराशी फ्राऊ हुबर नावाची सत्तरीची बाई तिकिटं देत होती. "सॅक आत नेता येणार नाही," ती म्हणाली.

"छोटीच आहे."

"गेनाऊ, बरोबर. अशाच छोट्या सॅकने गेल्या वर्षी मातीचा घडा फोडला." तिने भिंतीतल्या लॉकरकडे बोट दाखवलं.

रुपेशने सॅक लॉकरमध्ये ठेवली. किल्ली इराने मागितली आणि त्याने दिली. दोघांनी बुटांवर फेल्टच्या सपाता चढवल्या, कारण आतली जमीन पावणेपाचशे वर्षांची होती. इंग्लंडात ज्याला ट्यूडर घर म्हणतात त्याच काळातलं आणि साधारण तशाच बांधणीचं हे घर, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. काळ्या तुळया, मधे कुडाच्या भिंती, त्यांवर चुना. स्वयंपाकघराला धुराडं नव्हतं, त्यामुळे छत काजळीने डांबरासारखं चकाकत होतं. इरा सपातांवरून घसरत या खोलीतून त्या खोलीत जात होती. रुपेश घड्याळ बघत होता. बारा पंचवीस. बारा पस्तीस.

"इरा, निघू या. किल्ली दे."

ती खिडकीपाशी उकिडवी बसली होती. तिथल्या जमिनीच्या एका फळीतली गाठ कधीतरी निसटून गेली होती आणि अंड्याएवढं भोक पडलं होतं. इथे उंदीर राहतात, ती जर्मनमध्ये म्हणाली, मी त्यांना किल्ली दिली.

रुपेशला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो गुडघ्यांवर बसला. दोन बोटं आत घातली, खाली नुसती पोकळी होती. त्याने बोटं इतकी रेटली की कातडी सोलवटली. मग तो उठला, स्वयंपाकघरात मांडून ठेवलेली चुलीची लोखंडी सळई उचलून आणली, फळीच्या फटीत घातली आणि अंगातला सगळा जोर लावला. फळी करकरली आणि हातभर लांबीची ढलपी उडाली.

"बाबा, नाइन," इरा म्हणाली. असं करायचं नसतं, हे तिने त्याला तिच्या भाषेत दोनदा सांगितलं.

"गप्प बस. तुझ्यामुळे झालंय हे सगळं."

तो तिच्यावर आजवर कधी ओरडला नव्हता. ती मागे सरकत सरकत भिंतीला टेकली आणि दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून उभी राहिली. तो आणि स्वराली भांडायचे तेव्हा ती अशीच दारात उभी राहायची. रुपेशचा हात सळईवरच राहिला.

आवाज ऐकून फ्राऊ हुबर आली. तिने एकदा फळीकडे बघितलं, एकदा पोरीकडे. "काय करताय तुम्ही?"

"किल्ली खाली पडली. माझी एक दहाची गाडी आहे."

"प्रत्येक लॉकरची दुसरी किल्ली असते माझ्याकडे. विचारायचं होतंत." तिने त्याच्या हातातून सळई काढून घेतली आणि इराला विचारलं, "कुठे निघालात तुम्ही?"

कुठेच नाही, इरा म्हणाली, सहा वाजता मी आईकडे जाणार.

फ्राऊ हुबरने रुपेशकडे बघितलं. तिने लॉकर उघडून दिला तेव्हा एकला आठ मिनिटं होती. स्टेशन रस्त्यापलीकडे. सॅक त्याच्या हातात होती.

"चल, इरा."

ती फ्राऊ हुबरच्या मागे उभी होती. तिने हात पुढे केला नाही. रुपेशने गाडीत सांगायला आजीची, आंब्यांची, पुण्यातल्या सायकलची अशी एक लांबलचक गोष्ट तयार ठेवली होती. त्यातलं एक वाक्यही आता उपयोगाचं नव्हतं. आता तिला न्यायचं तर ओढूनच न्यावं लागणार होतं, आणि एकदा ओढलं की पार मुंबईपर्यंत. तो बाकावर बसला. मग त्याने फोन काढला.

"स्वराली, इराला घ्यायला ये. आत्ता."

"काय झालं तिला?"

"ती ठीक आहे. तिचा पासपोर्ट माझ्याकडे आहे. तोही घेऊन जा."

"कुठे आहेस तू?"

"स्टेशनसमोर. जुन्या घरात."

"मी येईपर्यंत फोन ठेवायचा नाही," स्वराली म्हणाली. "ऐकतोयस ना? ठेवायचा नाही."

तो फोन कानाला लावून बसून राहिला. फोनमधून तिच्या मोटारीचं दार लागलेलं ऐकू आलं, मग तिचा श्वास. समोरच्या फलाटावर एक दहाची आली आणि गेली.

स्वराली आली ती धावतच. इराला उचलून तिने तिचे हातपाय चाचपले, जणू ती कुठूनतरी पडली होती. मग बाकावर बसून तिने सॅक उघडली. लेबलं लावलेले कपडे तिने एकेक करून मांडीवर ठेवले. संमतीपत्र दोनदा वाचलं.

"सही अगदी माझ्यासारखीच जमलीय," ती म्हणाली. "मला हे वकिलांना सांगावं लागेल, रुपेश."

"सांग. पण उरलेले शनिवार काढू नकोस. तू समोर बस. दार लावून घे. पण भेटू दे."

तिने पासपोर्ट आणि कागद पर्समध्ये टाकले आणि इराला कडेवर घेऊन ती निघून गेली.

शनिवार बंद झाले. रुपेशने तीन पत्रं पाठवली, माफी मागितली, विनवण्या केल्या. शेवटी पुण्याला निघायच्या आठवड्यात, मुलांचं हित बघणाऱ्या सरकारी कचेरीतल्या एका खोलीत, तिथल्या बाईच्या देखत, अर्धा तास मिळाला. इरा शाळेबद्दल भराभर बोलत होती. निम्मं जर्मन त्याच्या डोक्यावरून जात होतं, तरी तो मान हलवत राहिला. वेळ संपली तशी तिने स्वतःच जाकिटाची चेन लावली आणि दाराशी थांबून विचारलं, पुढच्या शनिवारी आपण कुठे जायचं?

"बघू," रुपेश म्हणाला.