वरच्या मजल्याची लाईन

आमच्या धंद्यात तार ओढायला दहा मिनिटं लागतात आणि गिऱ्हाइकाच्या शंका फेडायला अख्खा दिवस. या काकांना तर ताकही फुंकून प्यायची सवय. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या जिन्याखाली डिजिटल फोनची पेटी बसवली. एकाच पेटीतून दोन लाइनी: एक खाली काकांना, दुसरी वर त्यांच्या धाकट्या भावाला. दोघांत सहा वर्षं विस्तव जात नव्हता. "माझं बोलणं वर ऐकू जाणार नाही ना?" असं विचारून त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं.

आज पुन्हा बोलावणं. चपला काढायच्या आत काका सुरू झाले.

"रोज चारला फोन येतो. मी हॅलो म्हटलं की ठेवून देतात. दोन वर्षं झाली, माझ्या हार्ट अटॅकपासून. कोणीतरी पाळत ठेवून आहे. म्हातारा एकटा असतो, माहितीये ना! जुन्या फोनवर काही कळायचं नाही. तुझी पेटी सांगेल?"

भरदुपारी त्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. किरकिऱ्या माणसांची मला सहसा कीव येत नाही, पण यांची आली.

लॅपटॉप पेटीला जोडला, कॉलची यादी उघडली. रोज चार वाजता, लाईन दोनवरून लाईन एकवर. चार सेकंद, पाच सेकंद. काका माझ्या खांद्यावरून वाचतच होते.

"म्हणजे वरून?"

"काका, तुमचा आवाज ऐकून फोन ठेवतात ते. बरे आहात ना, एवढंच बघत असतील."

"बरा? मेलो का ते बघतोय! मी गेलो की खालचा मजला त्याचाच. बंद कर त्याचा नंबर. आत्ताच्या आत्ता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. संशयाला औषध नाही म्हणतात ते उगाच नाही. पण लाईन त्यांची, मर्जी त्यांची. रागारागात नंबर ब्लॉक केला.

मग कागदावर सही हवी होती, तर त्यांनी तो बारीक अक्षरांसकट वाचायला घेतला. त्यात चार वाजले. फोन गप्प. काकांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, जिंकल्यासारखी.

दोन मिनिटं गेली असतील, जिन्यावर धाडधाड पावलं आली आणि दारावर थापा पडल्या.

"दादा! दादा, दार उघड!"

मी दार उघडलं. धाकटा अनवाणीच आला होता. मला ढकलून आत शिरला आणि दादा उभा दिसल्यावर तिथेच भिंतीला टेकला. हातात गोळ्यांचं पाकीट होतं, छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात त्या गोळ्यांचं.

"फोन... लागेना," एवढंच त्याला बोलता आलं.

काका जागचे हलले नाहीत. "गोळ्या कुणाच्या?"

"तुझ्या."

त्यांनी पाकीट ओढून घेतलं, उलटं केलं आणि डोळ्यांजवळ धरून तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"मुदत संपली की नवीन आणतो," धाकटा म्हणाला.

काका खुर्चीत बसले. पाकीट त्यांनी परत दिलं नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, नंबर मीच तोडला होता.

"त्याचा नंबर चालू कर," काका मला म्हणाले. मग भावाकडे न बघता, "आणि तू, उद्या ठेवू नकोस लगेच. बोल काहीतरी."