टेकडीवरचं लोकेशन

शिवशंकर माझा भाचा. तिशी ओलांडली, ऊस चांगला, स्वभाव गरीब. पण शेतकरी नवरा म्हटलं की मुलीकडचे चहासुद्धा धड पाजत नाहीत. जिथं गेलो तिथून नकारच आला. शेवटी वडवणीच्या पलीकडच्या डोंगरातून एका आप्पांचा निरोप आला, मुलगी पाहून जा. मागोमाग मोबाईलवर लोकेशनही आलं.

मोबाईल धरून मी गाडीवर मागे बसलो. वळणावळणानं घाट चढू लागलो. वाटेत एक गुराखी दिसला.

"इचार की बे त्याला," मी म्हणालो.

"कावून? लोकेशन हाय की, मामा."

डांबर संपलं, खडी संपली आणि मोबाईलनं आम्हाला एका उघड्या टेकडीवर नेऊन सोडलं. घर नाही, दार नाही. दगडावर एक मुलगी मोबाईल घेऊन बसलेली. आम्हाला पाहून उठली.

"तेलगावचे पावणे ना? मी स्वप्नाली. गावात रेंज न्हाई, म्हणून लोकेशन हितूनच धाडलं. तुमी आधी हितंच येणार, म्हणून थांबले."

म्हणजे पाहायची मुलगी हीच! मला हसू आलं. तेवढ्यात तिनं शिवशंकरला सरळ विचारलं, "तुमच्या घरात रेंज येती का?"

हो म्हणून टाक, म्हणून मी त्याला कोपरानं ढोसलं. पण आमचा धर्मराज! "न्हाई," म्हणाला. "आमाला बी बांधावर जावं लागतं."

"माजा भरतीचा अभ्यास फोनवरच चालतो," ती म्हणाली. "मला आत्ता लगीन करायचं न्हाई. पण मी न्हाई म्हणले, तर आप्पा फोन काढून घेतील. तुमीच नापसंत म्हणा."

माझं डोकंच फिरलं. "आगं, आमाला पोरी मिळंनात, आन आमी नापसंत म्हणायचं?"

शिवशंकरनं गाडी वळवली. ती पुढं झाली, आम्ही मागून गाडी उतरवली.

घरी पोहे झाले, सुपारी झाली. स्वप्नाली डोक्यावर पदर घेऊन अशी बसली, जणू आम्हाला पहिल्यांदाच पाहतेय. आप्पा म्हणाले, "आमाला पोरगा पसंत हाय. तुमचं बोला."

हेच ऐकायला मी इतकी वर्षं दारोदार फिरलो होतो.

शिवशंकरनं हातातला पेला खाली ठेवला. "आमाला पसंत न्हाई."

आप्पांचं तोंड उतरलं. आम्ही उठलो. शिव्या घालायच्या म्हणून मी बाहेर येईपर्यंत दम धरला होता, पण त्याच्याकडे पाहिलं आणि जीव तुटला.

"पसंत व्हती का बे?"

"लई," म्हणाला, आणि त्यानं किक मारली.