शिंप्याच्या पोटरीचं माप

मला मुळातच एका जागी बसवत नाही. त्यात दादानं मुदत घालून दिलेली. सहा आठवड्यांत बाबा हात न टेकता खुर्चीतून उठले, तर शिलाईच्या दुकानामागच्या या खोलीतच राहतील. नाही उठले, तर दुकानाला कुलूप आणि बाबा त्याच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर. शिवणयंत्राशिवाय तिथं ते भिंती बघत बसतील, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

न्यूमोनियात बाबा महिनाभर अंथरुणाला खिळले आणि पायांतलं मांस पार उतरलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पोटरी मोजली. अकरा इंच भरली. मग मला मालिश शिकवलं. घोट्यापासून वर, तळव्यानं दाबत जायचं. "पण मालिश झालं की लगेच दहा वेळा उठ-बस करायला लावा," त्या म्हणाल्या. "या वयात गेलेलं मांस नुसतं चोळून परत येत नाही."

सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास मी चोळायचे. माझी मनगटं भरून यायची. उठ-बस करताना बाबांचे पाय लटपटायचे, चेहरा पांढरा पडायचा. मग मीच म्हणायचे, "राहू द्या, उद्या बघू." दर रविवारी माप मात्र ते स्वतः घ्यायचे.

"द्या, मी घेते."

"शिंप्याला माप शिकवतेस?"

सव्वाअकरा. साडेअकरा. पावणेबारा! मी हवेत होते. उठ-बस तर मी सोडूनच दिली. मालिशच गुण देतंय, मग म्हाताऱ्या माणसाला छळायचं कशाला?

मुदतीच्या आदल्या दिवशी बाई आल्या. मी पाय चोळतच होते. त्यांनी बाबांच्याच टेपनं मोजलं. "अकरा. सूतभरही जास्त नाही."

"कसं शक्य आहे? बाबा, तुम्ही दाखवा!"

बाबांनी पोटरीभोवती टेप गुंडाळली आणि मला दिसलं. टेपखाली त्यांची दोन बोटं होती. कपडा अंगाला घट्ट बसू नये म्हणून गिऱ्हाइकाचं माप घेताना ठेवतात, तशी.

"पहिल्यांदा सवयीनं राहिलं गं बोट," ते खाली बघत म्हणाले. "पण तू इतकी खूश झालीस. मग काढवेना."

"म्हणून दुसरं घातलंत?" मी ओरडले. बाई समोर आहेत याचंही भान राहिलं नाही. "माझ्या हातांची पार वाट लागली, बाबा! आणि उद्या दादा येऊन तुम्हाला घेऊन जाईल!"

बाई मध्ये पडल्या. "पोटरी आणखी उतरली नाही, हेही थोडं नाही. उठ-बस करतात ना रोज?"

आता खाली बघायची पाळी माझी होती. एकट्या बाबांवर कुठल्या तोंडानं चिडायचं?

मी खुर्ची पुढे ओढली आणि बाबांना तिच्यावर बसवलं. बाबांनी छातीवर हात बांधले आणि जोर लावला. वीतभर उठले, परत धपकन बसले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी आधाराला धावले, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"दादाला फोन लाव."

मी लावला आणि त्यांच्या कानाशी धरला.

"उद्या येऊ नकोस," ते धापा टाकत म्हणाले. "मला अजून उठता येत नाही. आणखी सहा आठवडे दे. पोरीचं मालिश बरोबर होतं रे. माप मी चुकवलं."

चाळीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकासमोर त्यांनी असं कबूल केलं नव्हतं. माझे हात तेलकट होते, डोळे पुसता येईनात.